वीस टक्क्यांतली घरं: आराखड्यात शोधायची कशी, मागायची कशी

भूखंडाचं क्षेत्रफळ ३,९७० चौरस मीटर. शेजारच्या तुकड्याचं ३,९४०. सर्व्हे नंबर एकच, मालकांचं आडनाव एकच आणि दोन्ही फेरफार एकाच दिवसाचे. नाशिकमध्ये एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात मी परवानगीच्या फायली तयार करायचो. अशी जोडफाइल पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला वाटलं, भावाभावांची वाटणी असेल. आमचे जुने ड्राफ्ट्समन हसले. म्हणाले, "वाटणी कसली, चार हजार चुकवलंय."

चार हजार चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ही रेघ ओलांडली की विकासकावर दोन बंधनं येतात. दहा टक्के मोकळी जागा सोडायची, आणि वीस टक्क्यांच्या हिशेबाने लहान घरं बांधून ती म्हाडाच्या यादीतल्या लोकांना ठरलेल्या दराने द्यायची. वरचे दोन तुकडे एकत्र असते तर ७,९१० चौरस मीटर भरले असते. मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१० धरला तर ८,७०१ चौरस मीटर बांधकाम, त्याचे वीस टक्के १,७४०. चाळीस-चाळीस मीटरची घरं पाडली तर ४३ घरं. हिशेब ढोबळ आहे, रस्तारुंदीकरणात जागा गेली तर आकडा थोडा खाली येईल. पण एका फेरफाराने ही ४३ घरं कागदावर यायच्या आधीच गेली, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

म्हाडाचा अर्ज कसा भरायचा हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. सोडतीत घरं येतात कुठून, आणि यायला हवी होती ती कुठे अडकली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून अर्जाचं शेवटी बोलू, आधी नकाशाकडे वळू.

आपलं शहर या नियमात बसतं का?

राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. बृहन्मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर सगळ्या राज्याला तीच लागू आहे. तिच्या तिसऱ्या प्रकरणात ३.८ क्रमांकाचा नियम आहे: सर्वसमावेशक गृहनिर्माण. कल्पना नवी नाही, नोव्हेंबर २०१३ मध्येच राज्याने ती आणली होती. नियम लागू होतो तो शेवटच्या जनगणनेप्रमाणे दहा लाख किंवा जास्त लोकसंख्या असलेल्या महापालिकांना.

आता 'शेवटची जनगणना' या दोन शब्दांवर थोडं थांबा. शेवटची जनगणना २०११ ची. तिच्याप्रमाणे पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबई या यादीत येतात. सोलापूर तेव्हा साडेनऊ लाखांच्या जरा वर होतं, म्हणून बाहेर. मीरा-भाईंदर आठ लाखांवर, तेही बाहेर. गेल्या पंधरा वर्षांत ही शहरं किती फुगली ते तिथल्या रस्त्यांवर दिसतं, पण नियम रस्ते बघत नाही. पुढची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. तिचे आकडे अधिकृतपणे जाहीर झाले की सोलापूरकरांनी पहिलं पत्र महापालिकेला हेच लिहावं: नियम ३.८ आमच्याकडे कोणत्या तारखेपासून लावणार?

मुंबईची नियमावली वेगळी, डीसीपीआर २०३४. तिथे याच धर्तीचा नियम १५ आहे आणि रेघही चार हजारांचीच आहे. तपशील बदलतात, तेव्हा मुंबईकरांनी पुढचं वाचताना आपली नियमावली शेजारी उघडी ठेवावी.

नियम नेमकं काय मागतो

जमिनीचे भूखंड पाडून विकायचे असतील तर वीस टक्के क्षेत्रात ३० ते ५० चौरस मीटरचे लहान भूखंड ठेवावे लागतात. इमारती बांधायच्या असतील तर मूळ एफएसआयच्या किमान वीस टक्के इतकी अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठीची घरं, आकार साधारण तोच, ३० ते ५० चौरस मीटर बांधीव. हे बांधकाम एफएसआयमध्ये मोजत नाहीत. म्हणजे विकासकाच्या विक्रीच्या घरांतला एक फूटही कमी होत नाही. "वीस टक्के आमचे गेले" असं कुणी सांगू लागला तर त्याला ही ओळ दाखवा. जातो तो त्या घरांवरचा नफा. कारण ही घरं विकायची ती वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातल्या, म्हणजे रेडी रेकनरमधल्या, बांधकाम दरात २५ टक्के मिळवून. त्यात जमिनीची किंमत धरलेली नसते. नाशिक-पुण्यात घराच्या भावातला मोठा वाटा जमिनीचा असतो, त्यामुळे तेवढं वगळलं की आकडा केवढा खाली येतो ते वेगळं सांगायला नको.

नियमातलं सगळ्यात धारदार वाक्य भोगवटा प्रमाणपत्राबद्दल आहे. या लहान घरांना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्याशिवाय प्रकल्पातल्या बाकीच्या इमारतींना ओसी द्यायची नाही. म्हणजे किल्ली महापालिकेच्या खिशात आहे. आधी लहान घरं, मग तीन बेडरूमचे मजले. प्रत्यक्षात किल्ली वापरली जाते का, हे तपासणं हेच आपलं काम.

ठरावीक अटींवर ही घरं त्याच भागात दुसऱ्या जागीही बांधता येतात. शिवाय काही अपवाद नियमातच आहेत. तक्रार लिहिण्याआधी ते वाचून घ्या, नाहीतर सुनावणीत पहिल्याच वाक्याला तोंडघशी पडाल. मी पडलो आहे.

शंभर एकरांवरच्या एकात्मिक नगर वसाहतींचा हिशेब वेगळा, तिथे सामाजिक गृहनिर्माण पंधरा टक्के. म्हाडाच्या जाहिरातीत '१५ टक्के' आणि '२० टक्के' असे दोन गट दिसतात ते यामुळे, आणि त्यांची जात अगदी वेगळी आहे. वीस टक्क्यांतलं घर बहुधा शहरात, रिक्षा मिळणाऱ्या रस्त्यावर असतं. पंधरा टक्क्यांतलं शहराबाहेरच्या वसाहतीत. म्हाडाच्या कोकण मंडळाने २०२५ मध्ये ५,२८५ घरांची सोडत काढली. त्यात १५ टक्के योजनेतली ३,००२ होती आणि २० टक्क्यांतली अवघी ५६५. लोकांना हवी असतात ती ५६५.

डीपी वाचायची सुरुवात अहवालापासून करा

विकास योजना, म्हणजे डीपी, म्हटलं की सगळे रंगीत नकाशावर तुटून पडतात आणि आपला प्लॉट पिवळ्यात आहे की हिरव्यात एवढं बघून उठतात. नकाशाआधी विकास योजनेचा अहवाल वाचा. जाडजूड असतो, भाषा कोरडी असते, पण त्यात लोकसंख्येचा अंदाज आणि घरांच्या गरजेचं प्रकरण असतं. तिथे पेन्सिल घेऊन तीन गोष्टी शोधा. योजनेच्या अखेरच्या वर्षी शहरात किती कुटुंबं असतील असं धरलंय? त्यातली किती अल्प उत्पन्न गटातली? आणि त्यांच्यासाठी किती हेक्टर जमीन राखली? पहिला आकडा बहुतेक वेळा सापडतो. दुसरा कधीकधी. तिसऱ्यापाशी अहवाल गुळमुळीत होतो.

मग आरक्षणांची यादी घ्या. घरांची आरक्षणं वेगवेगळ्या नावांनी असतात: बेघरांसाठी घरे, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी घरे, सार्वजनिक गृहनिर्माण. जुन्या डीपीत 'एचडीएच' अशी इंग्रजी अक्षरं असतील. प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र वहीत उतरवा, आणि मगच नकाशा उघडा.

नकाशावर त्या जागा शोधताना त्यांच्या शेजारी काय आहे ते बघा. नाशिकमध्ये निळी आणि लाल पूररेषा, पुण्यात डोंगरमाथा-डोंगरउतार. स्मशानभूमीची भिंत, कचरा डेपो, उच्चदाब वाहिनी. गरिबांच्या घरांचं आरक्षण अशा कोपऱ्यात टाकून क्षेत्राचा आकडा फुगवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. एखादी जागा संशयास्पद वाटली तर नगररचना विभागातून तिचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. अर्ज साधा असतो, शुल्क किरकोळ. आणि एकदा जागेवर जाऊन या, शक्यतो पावसाळ्यात.

जुन्या डीपीतली यादीही सोबत ठेवा. तेव्हा घरांसाठी राखलेल्या किती जागा ताब्यात आल्या? योजना लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन संपादन झालं नाही, तर जमीनमालक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत काही झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. 'व्यपगत' हा शब्द लक्षात ठेवा. महापालिकेच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो दिसला की कान टवकारायचे. दुसरी पळवाट कलम ३७ ची, म्हणजे किरकोळ फेरबदलाची. घरांचं आरक्षण उठवून तिथे रहिवास विभाग करायचा प्रस्ताव सभेत मंजूर होतो आणि वर्तमानपत्रात दोन बोटांएवढी नोटीस येते. हरकतींना महिनाभराची मुदत. नोटीस बारीक टाइपात असते, शेजारी निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिराती. आठवड्यातून एकदा ते पान वाचायची सवय लावून घेतली तर वर्षभरात निदान एखादी गोष्ट वाचवाल.

गरजेचा हिशेब आपला आपण मांडायचा

'परवडणारी घरं वाढवा' असं नुसतं लिहिलं तर समिती मान डोलावते आणि पुढचा अर्ज घेते. आकडा लागतो. तो काढायला पीएचडी लागत नाही.

२०११ च्या घरयादीत शहरनिहाय आणि प्रभागनिहाय किती कुटुंबं एका खोलीत राहतात याचे तक्ते आहेत. तुमच्या प्रभागाचा तक्ता उतरवून घ्या. मग बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर त्याच परिसरातले गेल्या तीन वर्षांतले नोंदणीकृत प्रकल्प काढा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या, आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला नोंदणी करावीच लागते. प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर किती घरं, कोणत्या प्रकारची, किती चटई क्षेत्राची, हे दिलेलं असतं. एका कागदावर चार रकाने आखा: ३० मीटरपर्यंत, ३० ते ४५, ४५ ते ७०, त्यावर. आणि घरं मोजत चला.

मी आमच्या भागातल्या अकरा प्रकल्पांचा असा कागद केला होता. एका रविवारी दुपारी बसलो, चहा दोनदा झाला. पहिला रकाना रिकामा. दुसऱ्यात दोन प्रकल्पांतली थोडी घरं. बाकी सगळी टू आणि थ्री बीएचके. आमच्या कॉलनीत धुणंभांडी करणाऱ्या ताई, एमआयडीसीत शिफ्ट करणारी पोरं, डायलिसिस सेंटरच्या नर्स, हे सगळे त्याच भागात काम करतात. त्या कागदावर त्यांच्यापैकी एकालाही घर नव्हतं. घरांची सरमिसळ बिघडते म्हणजे काय, ते एवढ्यात दिसतं. सुनावणीत भाषणापेक्षा हा कागद जास्त चालतो.

मधल्या थराचं काय, हा प्रश्न इथेच मनात येईल. वीस टक्क्यांचा नियम खालच्या टोकाला हात घालतो. वरच्या टोकाची काळजी बाजार घेतो. महिना साठ हजार कमावणारं जोडपं, भाड्याची खोली शोधणारा शिकाऊ कामगार, मुलं परदेशी गेलेले एकटे आजी-आजोबा, यांच्यासाठी किती घरं हवीत हे स्थानिक नियम कुठेच सांगत नाही. भाड्याच्या घरांचा तर आपल्या डीपींना जवळजवळ विसरच पडला आहे. राज्याचं २०२५ चं गृहनिर्माण धोरण, 'माझे घर, माझा अधिकार', याबाबत बोलतं: २०३० पर्यंत अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक, भाडेतत्त्वावरची घरं, नोकरदार महिलांची वसतिगृहं. पण धोरणाला जमीन डीपीतच मिळते. तुमच्या शहराचा आराखडा बनत असेल तर 'या धोरणासाठी कोणत्या सर्व्हे नंबरवर किती हेक्टर?' हा प्रश्न लेखी विचारून ठेवा.

सूचना-हरकत लिहिताना

त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रारूप विकास योजना जाहीर होते आणि हरकती मागवल्या जातात. मुदत ३० दिवस असो की ६०, नोटिशीत छापलेली असते आणि राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात. शेवटच्या दिवशी आवक-जावक खिडकीवर रांग लागते, पोच मिळायला दोन तास जातात. आठवडाभर आधी द्या आणि पोचशिक्क्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, ती पुढे दोनतीन वर्षं लागते.

एका अर्जात एकच मुद्दा ठेवा. पाच मुद्दे कोंबले तर सोपा तेवढा ऐकून बाकीचे 'नोंद घेतली'त जातात. मजकूर असा काहीसा:

"प्रारूप विकास योजनेतील आरक्षण क्र. ___ (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी घरे), स. नं. ___, क्षेत्र ___ हे. ही जागा निळ्या पूररेषेच्या आत येत असल्याने तेथे निवासी बांधकाम शक्य नाही. सबब योजनेच्या अहवालात दर्शविलेल्या तरतुदीत तेवढ्या क्षेत्राची प्रत्यक्ष तूट आहे. सदर आरक्षणाऐवजी स. नं. ___ मधील महापालिकेच्या मालकीची जागा, जी १८ मी. रस्त्यालगत आहे, या प्रयोजनासाठी आरक्षित करावी. सोबत भाग नकाशा व जागेची छायाचित्रे जोडली आहेत. मला समक्ष सुनावणीची संधी मिळावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. पर्यायी जागा सुचवण्यालाही फार किंमत आहे. नुसता विरोध असेल तर समितीला काही करावं लागत नाही. पर्याय दिला की निदान तो नाकारण्याचं कारण लिहावं लागतं. जागा सुचवताना महापालिकेची, शासनाची, बंद पडलेल्या जकात नाक्याची, अशी बघा. खासगी मालकाची जमीन सुचवली तर त्याचा वकील तुमच्या आधी पोचलेला असतो.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात स्थायी समितीचे सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार असतात. हरकतदारांची गर्दी असते, त्यामुळे वाट्याला पाच मिनिटं आली तरी पुष्कळ. पहिलं मिनिट नकाशा उलगडण्यात जातं. म्हणून आपल्या जागेवर लाल गोल केलेलं ए-तीन आकाराचं एकच पान सरळ टेबलावर ठेवा, आणि चार रकान्यांचा कागद त्यावर. तीनचार शेजारी सोबत न्या, पण बोलणारा एकच.

मंजूर प्रकल्पावर नजर

डीपी वीसेक वर्षांतून एकदा येते. बांधकाम परवानग्या रोज निघतात. गळती खरी तिथेच होते.

मार्च २०२२ मध्ये नाशिकच्या वीस टक्के घरांचा विषय विधान परिषदेत गाजला. मोठ्या भूखंडांना परवानग्या मिळाल्या, पण त्यातली घरं म्हाडाकडे पोचलीच नाहीत, हा प्रश्न खुद्द गृहनिर्माण मंत्र्यांनी लावून धरला होता. त्या गदारोळात तत्कालीन महापालिका आयुक्तांची बदली झाली. तोवर नियम लागू होऊन आठ वर्षं उलटली होती. सर्वसामान्य नाशिककराला असा नियम आहे हेच त्या बातमीतून कळलं.

तुम्हाला तपासायचं असेल तर असं करा. एखाद्या साइटवर मोठा फलक लागलाय, त्यावर महारेरा क्रमांक असतो. तो टाकून प्रकल्पाचं पान उघडा, भूखंडाचं एकूण क्षेत्र बघा, मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्या. नकाशाच्या उजव्या बाजूला क्षेत्रफळाचा तक्ता असतो. त्यात 'सर्वसमावेशक गृहनिर्माण' किंवा इंग्रजीत 'इन्क्लुझिव्ह हाउसिंग' अशी ओळ आहे का? क्षेत्र चार हजारांवर असून ओळ नसेल तर प्रश्न उभा राहतो. क्षेत्र ३,९०० च्या आसपास असेल तर सर्व्हे नंबरचा सातबारा आणि फेरफार ऑनलाइन बघा, शेजारच्या तुकड्यांसकट. विभाजन कधी झालं, परवानगीच्या किती महिने आधी? दोन्ही तुकड्यांवर एकच प्रवेशद्वार, एकच क्लबहाउस, एकाच नावाचा प्रकल्प 'फेज एक' आणि 'फेज दोन' म्हणून असेल, तर छायाचित्र काढून ठेवा. खरीखुरी वाटणीही असते, तेव्हा लगेच कुणावर आरोप करत सुटू नका. कागद गोळा करा, प्रश्न विचारा.

प्रश्न विचारायचा तो माहिती अधिकारात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्जाचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र 'अ', एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमातच ही मर्यादा आहे आणि तिच्यावर बोट ठेवून अर्ज परत येतात. 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका. असं लिहा: अमुक परवानगी क्रमांकाच्या प्रकल्पात नियम ३.८ प्रमाणे किती सदनिका दर्शविल्या, त्यांच्या भोगवटा प्रमाणपत्राची तारीख, उर्वरित इमारतींच्या भोगवटा प्रमाणपत्राची तारीख, आणि म्हाडाला कळविल्याच्या पत्राची प्रत. एवढ्या चार गोष्टी. बाकी इमारतींची तारीख आधीची निघाली तर पुढचं पत्र आयुक्तांना आणि म्हाडाच्या मंडळाच्या मुख्य अधिकाऱ्यांना एकाच दिवशी पाठवा. दोघांनाही गेलंय हे दोघांना कळू द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टँप.

मला एकदा उत्तर आलं होतं, 'सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' हे वाक्य पाठ होईल तुमचं. त्यावर उपाय म्हणजे फाइल पाहणीची मागणी. प्रत्यक्ष फाइल समोर आली की संकलन आपण करू.

आता अर्ज

इथवर आल्यावर सोडतीचा भाग सोपा वाटेल. म्हाडाच्या सोडतीच्या संकेतस्थळावर नोंदणी करा. पात्रता आता सोडतीआधीच तपासतात, म्हणून कागद आधी जमवा, जाहिरातीची वाट बघू नका. आधार, पॅन, नवराबायको दोघांचंही प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, आणि अधिवास प्रमाणपत्र. अधिवासासाठी गेल्या वीस वर्षांत पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो. जुनं हस्तलिखित प्रमाणपत्र चालत नाही, बारकोडवालं काढा. ते काढताना शाळा सोडल्याच्या दाखल्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून निम्मे लोक अडकतात. आज रात्री घरी जाऊन दोन्ही शेजारी ठेवून बघा.

उत्पन्न म्हणजे पतिपत्नीचं मिळून वार्षिक. मोठ्या शहरांत ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट. राज्याच्या उरलेल्या भागात साडेचार आणि साडेसात. तरी ज्या जाहिरातीवर अर्ज भरता तिच्यातलाच आकडा प्रमाण मानायचा. त्या शहरात तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावे घर नसावं. लागल्यावर पाच वर्षं विकता येत नाही.

सोडतीतल्या योजनेचा संकेत क्रमांक निवडण्याआधी जागा बघून या. विरार-बोळींजला म्हाडाने हजारो घरं बांधली आणि त्यातली मोठी संख्या वर्षानुवर्षं पडून राहिली. पाण्याचा प्रश्न होता, आणि किंमतही आसपासच्या खासगी घरांच्या मानाने लोकांना जड वाटली. शेवटी 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' म्हणून विकायला काढावी लागली. मुंबईजवळ घर मिळतंय आणि घ्यायला माणूस नाही, असं कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. घर कुठे आहे आणि नळाला पाणी कधी येतं, हे किमतीइतकंच महत्त्वाचं.

वीस टक्क्यांतल्या घराची अडचण निराळी. ते मोठ्या प्रकल्पाच्या एका कडेला वेगळ्या इमारतीत असतं. काही ठिकाणी फाटकही वेगळं, आणि मध्ये भिंत. ताब्याआधी विकासकाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: देखभालीचा महिन्याचा दर आणि तो कशाकशाचा, आणि लहान इमारतीची सोसायटी स्वतंत्र होणार की एकत्र. एकत्र झाली तर जलतरण तलावाचा खर्च तुमच्या बिलात येतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं घराचं हप्त्यांचं गणित नीट जुळलं होतं, देखभालीच्या बिलाने ते कोलमडलं. स्वतंत्र झाली तर पाण्याची टाकी, ड्रेनेजची जोडणी आणि गाड्या लावायची जागा तुमच्या सोसायटीच्या नावावर नकाशात दाखवलीय का, ते मंजूर नकाशात बघा. तोच तो नकाशा, उजवीकडचा तक्ता. एव्हाना तो तुम्हाला वाचता येतोय.